फ्रिजवरचं घड्याळ

वरच्या मजल्यावरच्या दादांना गल्लीत सगळे ‘चाललेले’ म्हणायचे.

“काय चाललेले, अजून इथेच?” कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला विचारायचा.

“बोलणी सुरू आहेत,” दादा म्हणायचे.

बोलणी चार वर्षं सुरू होती.

दादा औषधांच्या गोदामात सॉफ्टवेअर सांभाळायचे. गोदामात थंड खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत तापमान मोजणारं यंत्र होतं. दर पाच मिनिटांनी ते आकडा पाठवायचं. आकडा चढला की त्या खोलीतल्या खोक्यांची लेबलं छापणं आपोआप थांबायचं. लेबल नाही तर खोकं बाहेर नाही. हे सगळं एक जुनाट सॉफ्टवेअर करायचं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. शहरात ते कळणारा एकच माणूस उरला होता. तो वर राहायचा. आणि गोदामाने पुढच्या वर्षी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं होतं. वय एकोणचाळीस. विद्या एकच, तीही इथे कुणाला नको असलेली.

म्हणून परदेश. तिकडे हे सॉफ्टवेअर अजून पुष्कळ ठिकाणी चालतं, असं दादा सांगायचे. अडचण एवढीच, की तिथे काम करायला परवाना लागतो, आणि तो तिथल्या कंपनीला आपल्या जबाबदारीवर काढून द्यावा लागतो. त्याला स्पॉन्सरशिप म्हणतात. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असायचाच : तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का? दादा खरं ते लिहायचे. हो.

नकार चार मिनिटांत यायचा. एकदा तर दादांनी बटणावरचं बोट उचललंही नव्हतं.

“इतक्या झटपट?” काकू म्हणाल्या. काकू म्हणजे दादांच्या आई. शाळेच्या खरेदी विभागात बत्तीस वर्षं कारकून होत्या. “आम्ही नाही म्हणायला तीन आठवडे घ्यायचो. समोरच्याला वाटायला हवं ना, की विचार केला म्हणून.”

अर्जांसोबतची पत्रं मी लिहायचो. मी खाली राहतो. छापखान्यात मुद्रितं तपासतो. साहित्यात पदवी घेतली आहे, हे एकदा जिन्यात बोलून गेलो. दादांनी तिथेच हात धरला. “म्हणजे तुला लिहिता येतं.” मी नाही म्हटलं नाही. त्यानंतर मी दोनशे अडुसष्ट पत्रं लिहिली. थंड खोल्यांबद्दल इतकं गद्य माझ्या वर्गातल्या कुणीही लिहिलं नसेल.

त्या घरात भिंतीला एक खिळा नव्हता. जायचंच आहे, मग भोकं कशाला पाडायची? खिडकीला पडदा नव्हता, चिमट्यांनी अडकवलेली चादर होती. सोफा नव्हता, प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या. आणि एक भलंमोठं घड्याळ होतं. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढतात. दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मालकाने ते दिलं होतं. ते फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवलं होतं. फ्रिज सुरू झाला की घड्याळ थरथरायचं. थरथरत थरथरत पुढे सरकायचं. महिन्यातून एकदा खाली यायचं. वहिनी ते झेलायच्या. पोळी उलटावी इतक्या सहज.

“मला कुठेही चालेल,” वहिनी म्हणायच्या. “तिथे चालेल, इथे चालेल. पण घड्याळ टांगायला एक भिंत पाहिजे. चार वर्षं मी स्वतःच्या घरात फलाटावर बसल्यासारखी बसलेय.”

दादा म्हणायचे, “एवढा एक अर्ज जाऊ दे.”

दोनशे एकोणसत्तराव्या अर्जाला चार मिनिटांत नकार आला नाही. पाच मिनिटांतही आला नाही. दादांना वाटलं इंटरनेट बंद पडलं.

आठवड्याने मुलाखत झाली. दुपारची वेळ होती. घरात स्वच्छ भिंत एकच, फ्रिजची. दादा तिच्यासमोर बसले. पडद्यावर तिकडच्या थंड गोदामांच्या कंपनीतली बाई होती. माणसं नेमायचं काम तिच्याकडे होतं. मला पत्रं लिहिल्याबद्दल दाराशी उभं राहायची परवानगी होती.

बाईने त्यांच्याकडचं तापमानाचं कोष्टक दाखवलं. दादांनी चष्मा वर सरकवला.

“चार नंबरची खोली शून्याखाली जाते, तेव्हा हे तोच आकडा शून्याच्या वर दाखवतं का?”

बाई पडद्याजवळ सरकली. “तुम्हाला कसं कळलं?”

“अकरा वर्षं मलाही तेच दाखवतंय.”

तेवढ्यात फ्रिज सुरू झाला. घड्याळ निघालं. पडद्याच्या कडेने वहिनींचे दोन हात आत आले, त्यांनी घड्याळ झेललं आणि ते परत गेले. दादांनी मान वळवली नाही.

“वा!” तिकडची बाई म्हणाली.

मला अजून वाटतं, नोकरी त्या क्षणी ठरली.

पण कायदा आडवा आला. तिथला नियम असा, की बाहेरच्या माणसाला घेण्याआधी ती जागा अठ्ठावीस दिवस तिथल्या लोकांसाठी जाहीर करायची. त्यांच्यातला कुणी लायक निघाला आणि यायला तयार असला, तर जागा त्याची. कुणी न मिळालं तरच दादा.

“एक विनंती आहे,” बाईने लिहिलं. “या कामाची जाहिरात लिहू शकेल असं आमच्याकडे कुणी नाही. तुम्हीच लिहून द्याल का?”

काकूंनी हे ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या डोळ्यांत बत्तीस वर्षांची नोकरी चमकली.

“हे टेंडर आहे,” त्या म्हणाल्या. “टेंडर कसं लिहायचं मला विचारा. आम्हाला एकदा चाळीस बाकं घ्यायची होती. साहेबांना एकच सुतार हवा होता. मी लिहिलं, बाकाच्या पायाला साडेतीन इंचांची गोलाई असावी. तो साचा गावात एकाकडेच होता. एकच अर्ज आला. कुणी एक शब्द बोललं नाही.”

“आई, हे लबाडीचं आहे.”

“बाकं अजून मोडली नाहीत.”

“मी कामाची माहिती लिहितो ती कुणालाही कळावी म्हणून. उद्या मी नसलो तरी काम चाललं पाहिजे.”

“अरे, पण तिथे तू असायला पाहिजेस ना!” काकू म्हणाल्या. “आपल्याच ताटातलं लोकांना वाढून हा उपाशी उठणार.”

दादांची सवयच तशी होती. घरातल्या गिझरवर त्यांनी लिहिलेली सूचना होती. गॅसच्या शेगडीजवळ होती. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा कडी कशी काढायची हे दारावर वाचलं होतं. कडी साधीच होती.

दीड तास भांडण झालं. शेवटी वहिनींनी तोडगा काढला. खोटं काही लिहायचं नाही. पण खरी असतील अशी दोन वाक्यं शेवटी घालायची. एक : या सॉफ्टवेअरवर किमान दहा वर्षं काम केलेलं असावं. दोन : शून्याखालचा दोष स्वतः हाताळलेला असावा. दादांनी मान हलवली. काकू म्हणाल्या, “गोलाई नाही, पण चालेल.” मजकूर भाषा सुधारायला माझ्याकडे आला.

इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

मी दोन संध्याकाळी त्यावर बसलो. दादांचा मजकूर सरळ होता. मी तो आणखी सरळ केला. विशेषणं काढली. थंड खोलीत पहाटे पहिला आकडा येतो तिथून सुरुवात केली. कामात येणारे प्रश्न एकामागून एक ठेवले. वाचणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाच विचारलंय. मी आजवर लिहिलेलं ते सर्वांत चांगलं गद्य होतं. शेवटी ती दोन वाक्यं मात्र लोंबत होती. बांधून झालेल्या घराला बाहेरून टेकवलेल्या शिडीसारखी. मी ती कापली.

दादांनी वाचलं. म्हणाले, “छान झालंय.” आणि पाठवलं.

पहिल्या सोमवारी बाईचं पत्र आलं. ‘आनंदाची बातमी! नऊ अर्ज आले.’

दादांनी ते दोनदा वाचलं. “या जागेला? या सॉफ्टवेअरला?”

दुसऱ्या सोमवारी एकतीस झाले. ‘आमच्या कुठल्याच जाहिरातीला इतका सुंदर प्रतिसाद मिळाला नव्हता. लोक फोन करून सांगतात, वाचून बरं वाटलं.’

मी जाहिरातीची माझी प्रत काढून शेवटचा परिच्छेद परत वाचला.

तिसऱ्या सोमवारी चौसष्ट. त्यात एक शाळामास्तर होते, एक जहाजावरचा स्वयंपाकी होता. मी वर गेलो. तिघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. चौथी रिकामी होती. मी उभाच राहिलो.

“ती दोन वाक्यं मी कापली,” मी म्हणालो.

फ्रिज सुरू झाला. वहिनींनी न बघता हात लांब करून घड्याळ मागे ढकललं.

“का?” काकूंनी विचारलं.

“लय बिघडत होती.”

“कुणाची?”

“परिच्छेदाची.”

“आणि आमची?” वहिनी म्हणाल्या.

याचं उत्तर पदवीत शिकवत नाहीत.

“मी पाहिलं होतं,” दादा हळूच म्हणाले. “पाठवताना पाहिलं होतं. नाहीत म्हणून. मला वाटलं, तसंच बरं वाचतंय.”

काकूंनी कपाळावर हात मारला. “एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा! बत्तीस वर्षांत असे दोन एका खोलीत पाहिले नाहीत मी.”

अठ्ठावीस दिवस संपले. बाईचं आणखी एक पत्र आलं. अर्जदारांची लेखी परीक्षा घ्यायचं ठरलं आहे. पण प्रश्न काढणारं आणि पेपर तपासणारं त्यांच्याकडे कुणी नाही. नावं झाकून पेपर पाठवतो. तुम्ही तपासाल का? उत्तीर्ण व्हायला साठ गुण.

काकूंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पत्र परत वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर पहाट झाली.

“चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!” त्या म्हणाल्या. “देव आहे.”

पण चोर म्हणजे दादा होते.

दादांनी बारा प्रश्न काढले. सातवा शून्याखालच्या दोषाचा होता. एकेचाळीस जणांनी परीक्षा दिली. रविवारी सकाळी दादांनी सगळे पेपर छापून आणले, लाल पेन घेतलं आणि बसले. मी बेरजा करायला होतो. ती माझी शिक्षा होती.

लेबलांचं यंत्र बंद पडलं तर काय कराल? एकाने लिहिलं होतं, दुसरं विकत घेईन. एकाने लिहिलं होतं, वरिष्ठांना कळवीन. दादांनी त्याला अर्धा गुण दिला.

“अर्धा कशाचा?” काकूंनी विचारलं.

“कळवणं महत्त्वाचं असतं.”

“कळवणाऱ्यांनीच देश भरलेत. शून्य दे.”

दादांनी अर्धाच ठेवला. जहाजावरचा स्वयंपाकी बावन्नपर्यंत गेला. थंड खोलीबद्दल त्याला खरंच कळत होतं. काकूंनी माळ जपावी तसे आकडे पुटपुटले. सदतीस पेपर झाले. सगळे साठच्या खाली. वहिनींनी चहा टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या गुणगुणत होत्या.

अडतिसावा पेपर दादांनी उचलला. पहिलं उत्तर वाचलं, बरोबरची खूण केली. दुसरं, खूण. तिसरं, खूण. त्यांचा वेग कमी झाला. सातव्या प्रश्नाशी ते उठून उभे राहिले.

“काय झालं?” वहिनींनी आतून विचारलं.

दादांनी कागद माझ्याकडे दिला. मी वाचून दाखवलं. उत्तरात दोष का येतो ते चार ओळींत होतं. पाचवी ओळ अशी होती : ‘हा दोष माझ्याच हातून राहिला. त्या आठवड्यात आमचं घर बदलणं चाललं होतं. माफ करा.’

दादा खिडकीपाशी गेले. चादर बाजूला करून बाहेर बघत राहिले. अकरा वर्षं ते त्या दोषाशी भांडत होते. तो करणारा माणूस त्यांनी कधी कल्पिला नसावा. मीही नव्हता. मला वाटायचं, असलं काही कुणी करत नाही. ते असतंच.

परत येऊन त्यांनी उरलेला पेपर तपासला. मी बेरीज केली. चौऱ्याण्णव.

“सहा कशाचे कापलेस?” काकूंनी विचारलं.

“नवव्या प्रश्नाला त्यांनी जुनी पद्धत लिहिली आहे. ती आता चालत नाही.”

“ज्याने ते बनवलं त्याचे तू गुण कापलेस?”

“चूक ती चूक.”

“मग आणखी पस्तीस काप. एकोणसाठ कर. कुणाला कळणार आहे? तपासणारा तूच.”

“आई, मला एक-दोन इकडे-तिकडे करता येतील. एकोणसाठ नाही करता येणार.”

“का नाही? पेन तुझ्या हातात आहे.”

दादांनी पेनाला टोपण लावलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या चहाचं भांडं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. चार वर्षं त्यांनी कुणालाच घाई केली नव्हती. आता त्या ओरडतील असं मला वाटलं. ओरडाव्यात असंही वाटलं.

“पाठव,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“खरे गुण. पाठव. आणि पाठवून झालं की हातोडा आण.”

दादांनी उरलेले तीन पेपर तपासले, तेही साठच्या खाली निघाले, आणि गुण पाठवले. हातोडा माझ्याकडे होता. मी आणून दिला.

भिंतीत खिळा ठोकायला दादांना पाऊण तास लागला. त्यांनी टेपने मोजलं, पेन्सिलने खूण केली, पाण्याच्या बाटलीने पातळी पाहिली. काकू पाठ करून बसल्या. घड्याळ टांगून झालं. वहिनी समोर उभ्या राहिल्या. पुढे गेल्या, मागे आल्या. एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. नंबर काढतात तसं.

“नीट दिसतंय,” त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पडदे आले. गल्लीत बातमी गेली. इस्त्रीवाल्याने दादांना पाहिलं आणि काही विचारलं नाही. तेच सगळ्यात वाईट होतं, असं दादा म्हणाले. आम्ही मात्र आठवडाभर वेळ बघायला फ्रिजकडेच मान वळवत होतो.

नवव्या दिवशी बाईचा फोन आला. दादांनी फोन टेबलावर ठेवला. आम्ही सगळे भोवती जमलो.

अडतीस नंबर म्हणजे एक आजी होत्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांना नोकरी नको होती.

“मग अर्ज कशाला केला?” काकूंनी विचारलं. दादांनी ते शब्द बाईपर्यंत पोहोचवले.

“मीही तेच विचारलं,” बाई म्हणाली. “त्या म्हणाल्या, जाहिरातीत जे प्रश्न होते त्यांची उत्तरं मला येत होती. बऱ्याच वर्षांत मला येणारं कुणी विचारलं नव्हतं. पण थंड खोल्यांत हिंडायला गुडघे नाहीत. तसं त्यांनी लिहून दिलं आहे. बाकी कुणी साठच्या वर नाही. तुमची कागदपत्रं पाठवा.”

कुणी नाचलं नाही. दादा घड्याळाकडे बघत राहिले. वहिनीही.

“आणखी एक,” बाई म्हणाली. “ज्याने पेपर तपासला त्याच्याशी त्यांना बोलायचं आहे. सहा गुणांबद्दल.”

ते बोलणं दीड तास चाललं. दादा कपाळाचा घाम पुसत बाहेर आले.

“काय ठरलं?” मी विचारलं.

“दोन गुण वाढवून दिले,” दादा म्हणाले. “चार त्यांनी मान्य केले.”

काकू माझ्याकडे वळल्या. त्या माझ्याशी तीन आठवडे बोलल्या नव्हत्या. “ती दोन वाक्यं असती,” त्या म्हणाल्या, “तर ही बाई कुणाला कळली नसती. जाहिरात बरी होती तुझी.” मग थांबून म्हणाल्या, “पण गोलाई लिहिली असती तर महिनाभर जीव टांगणीला लागला नसता.”

परवाना यायला तीन महिने लागले. दादा आणि वहिनी गेले. काकूंना वर्षभराने बोलावणं होतं. घड्याळ न्यायला त्यांनी साफ नकार दिला. “चार वर्षांनी भिंतीला लागलंय. हात लावाल तर बघा.” खिळ्याखाली दादा कागद चिकटवून गेले. खिळा काढू नये. काढल्यास भोक कसं बुजवावं, ते खाली चार पायऱ्यांत.

आता संध्याकाळी मी काकूंकडे वर असतो. मागच्या महिन्यात वहिनींनी तिकडच्या घराचा फोटो पाठवला. काकूंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग माझ्याकडे दिला.

“फ्रिजवर बघ.”

फ्रिजवर एक नवीन घड्याळ होतं. भिंतीला टेकवलेलं.

काकूंनी लगेच फोन लावला. “अगं, खिळा?”

“आई, परवाना तीन वर्षांचा आहे ना,” वहिनी म्हणाल्या. “हा म्हणतो, पुढचं ठरलं की ठोकू. कशाला भोकं पाडायची?”

मागे दादांचा आवाज आला, “बोलणी सुरू आहेत!” मग काहीतरी घरंगळल्याचा आवाज. मग शांतता.

“झेललं,” वहिनी म्हणाल्या.

काकूंनी फोन ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझा हातोडा दे.”

दुसऱ्या दिवशी मी तो पोस्टात नेला. खिडकीवरच्या बाईने एक फॉर्म दिला. वस्तू काय, ते एका ओळीत लिहायचं होतं. वस्तू कशासाठी, याला दोन ओळी होत्या. मी लिहायला लागलो. दोन ओळी संपल्या, समास संपला, मी फॉर्म उलटा केला. घड्याळाबद्दल लिहिलं, फ्रिजबद्दल लिहिलं, भिंतीबद्दल लिहिलं. लय पार बिघडली.

“एवढं कुणी वाचत नाही,” खिडकीवरची बाई म्हणाली. “थोडं कापा.”

“नाही,” मी म्हणालो. “या वेळी नाही.”